काकूंच्या वाफ्यांतला ऑक्टोबर

ऑक्टोबर आला की आमच्या गावाच्या पश्चिमेची शेतं उघडी पडतात. अमेरिकेतल्या या डब्लिनमधल्या घरांच्या रांगा जिथे विरळ होतात, तिथून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. उन्हाळाभर मक्याच्या त्या भिंतींमधून गाडी चालवताना पलीकडचं काही दिसत नाही. मग एखाद्या आठवड्यात मोठाली यंत्रं येतात, हवेत पिवळसर धूळ तरंगत राहते आणि एक दिवस ऑफिसला जाताना अचानक क्षितिज दिसतं. उरलेल्या धसकटांमधून एखादा म्हातारा गोरा माणूस कानाला हेडफोन लावून, हातातली काठी जमिनीलगत डावीकडून उजवीकडे फिरवत सावकाश चाललेला असतो. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, शेत झाडतोय.

तो मेटल डिटेक्टर. माझ्याकडेही एक आहे. या ऑक्टोबरात मी तो बाहेर काढलेला नाही.

या छंदाला लागलो त्याला आता दोन वर्षं होतील. आमच्या तालुक्याच्या गावी, जिल्हा परिषदेच्या शाळेत असताना, फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक सुतळीला बांधून ते धुळीतून ओढत नेणं हा आमचा मोठा खेळ होता. शाळेपासून घरापर्यंत चुंबकाला काळ्या मिशा फुटायच्या. कधी खिळा, कधी टाचणी, एकदा सायकलच्या चेनची कडी. बाकी खेळांत मी मागे असायचो, पण या खेळात धीर लागतो आणि तो माझ्याकडे होता. पुढे दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, इथे येऊन एमएस, नोकरी, घराचा हप्ता. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. इतकी वर्षं प्रत्येक गोष्ट कशाच्या तरी उपयोगाची म्हणून केली. चाळिशी आल्यावर वाटलं, एक गोष्ट उगाच करून पाहावी.

व्हिडिओ पाहून यंत्र घेतलं. व्हिडिओतल्या माणसाला दर पाच मिनिटांनी काहीतरी मिळतं. चांदीचं नाणं, जुनं बटण, सैनिकाच्या पट्ट्याचं बक्कल. मधले सात तास त्यानं कापून टाकलेले असतात हे लक्षात यायला मला एक अख्खा उन्हाळा लागला. त्या उन्हाळ्यात मला मिळालं ते असं: सोड्याच्या कॅनच्या कड्या, बाटल्यांची बुचं, खिळे, चिरडलेला कॅन, खेळण्यातल्या गाडीचं चाक आणि तांब्याची काही सेंट. घरी आल्यावर मुलगी पिशवीत डोकावायची आणि म्हणायची, "बाबा, यू फाउंड गार्बेज अगेन."

नवशिक्यानं अपेक्षा किती ठेवावी, हे सांगणारी पुस्तिका यंत्राच्या खोक्यात असते. यंत्र फार तर वीतभर खोल पाहतं. ते वस्तू ओळखत नाही, खाली काहीतरी आहे एवढंच सांगतं, आणि तेही पुष्कळदा चुकीचं. पहिली काही वर्षं जे निघेल त्याला कचरा म्हणायची तयारी ठेवावी. खणण्याआधी जमिनीच्या मालकाला विचारावं, खणल्यावर खड्डा बुजवावा. मी खड्डे नीट बुजवायला शिकलो. पुस्तिकेची उरलेली पानं नंतर वाचू म्हणून ठेवून दिली.

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात शैलाकाकूंचा फोन आला तेव्हा माझी अशी तयारी होती.

काकूंबद्दल सांगायला हवं. मी इथे शिकायला आलो तेव्हा विमानतळावर मला घ्यायला त्या आणि काका आले होते. ओळख कुणाची कुणाशी, तीही तीन फोन पलीकडची. काका हृदयाचे डॉक्टर, पन्नास वर्षांपूर्वी आलेले. काकू इथल्या सार्वजनिक वाचनालयात काम करून निवृत्त झालेल्या. गाडीत त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. आपल्याकडे आडनाव कळलं की पुढचा एक प्रश्न येतो. मी त्याची वाट पाहत खिडकीबाहेर बघत बसलो होतो. काकूंनी विचारलं, "मिलिंद, तुला कुकर लावता येतो का?" नाही म्हटल्यावर त्या काकांना म्हणाल्या, "मग आधी आपल्या घरी चला." पहिल्या हिवाळ्यात मी काकांचा जुना कोट घातला. पहिला नापास होता होता राहिलेला पेपर त्यांच्या स्वयंपाकघरात बसून पुन्हा सोडवला. प्रज्ञाशी लग्न करून परत आलो तेव्हा गृहप्रवेशाचं माप ओलांडायची रीत आम्ही पाळत नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी दारात नुसती रांगोळी काढून ठेवली होती. असलं ऋण माणूस फेडायचं ठरवतो, पण फेडायला जागाच मिळत नाही. काकूंना माझ्याकडून कधी काही लागलंच नाही.

त्यामुळे त्या फोनवर म्हणाल्या, "तुझं ते मशीन घेऊन येतोस का रे? वेढणी हरवली," तेव्हा मला आधी वाईट वाटलं की आधी आनंद झाला, हे आज प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

वेढणी म्हणजे काकांची अंगठी. ते अमेरिकेला निघाले तेव्हा त्यांच्या आईनं करून दिलेली. सोन्याच्या बारीक तारेचे तीन वेढे, टोकं न जोडलेली, इतक्या वर्षांत झिजून आणखी बारीक झालेली. काका गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेले, तेव्हापासून काकू ती स्वतःच्या बोटात घालत. त्यांना ती सैल व्हायची. तारच ती, दोन बोटांनी दाबली असती तर बसली असती. पण त्यांनी दाबली नाही. "त्यांच्या बोटाचं माप आहे ते, राहू दे तसंच," म्हणाल्या आणि आतून दोरा गुंडाळला.

घर विकलं होतं. महिन्याच्या शेवटी नवे मालक येणार होते आणि काकू सनीव्हेलला मुलीकडे राहायला जाणार होत्या. परसातल्या वाफ्यांतले गवारीचे आणि घेवड्याचे वेल त्यांनी त्या सोमवारी उपटून काढले. हातात मोजे होते, ते चारदा काढले, चारदा घातले. दुपारी कणीक मळली. संध्याकाळी बोट पाहिलं तर रिकामं. बागेत गेली की घरात, हे त्यांना आठवेना. घरात त्या दिवशी मारिया होती, स्वयंपाकघरातली भांडी खोक्यांत भरत.

मारिया पन्नाशीची, ग्वातेमालाची. काकांच्या आजारपणात कामाला लागली आणि नंतरही येत राहिली. काकांना उठवून खुर्चीत बसवणं, त्यांची दाढी करणं, हे ती करायची. काकूंना ती तिच्या भाषेत 'सेन्योरा', म्हणजे बाईसाहेब, म्हणायची आणि जेवल्या नाहीत तर रागवायची. मला दारात पाहिलं की हसून म्हणायची, "डॉक्टर इज हॅपी टुडे, ही शाउटेड ॲट मी."

मी शनिवारी सकाळी पोहोचलो. तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. शेजारी कुणीतरी पानं उडवायचं यंत्र चालवत होतं. मेपलची लाल पानं वाफ्यांवर येऊन पडत होती आणि काकू ती एकेक उचलून बाजूला टाकत होत्या, जणू पानाखालीच ती असावी. वाफे चार, प्रत्येक एका खाटेएवढा. त्यांच्या लाकडी चौकटी काकांनी स्वतः ठोकलेल्या, अंदाजानं, म्हणून एकही काटकोनात नव्हती. उपटलेल्या वेलांचा हिरवट कडू वास मातीला होता. मेथी अजून एका कोपऱ्यात उभी होती. ती उपटायला काकूंचा हात धजला नव्हता.

यंत्र चालू केलं आणि ते ओरडायला लागलं. पहिल्या फुटातच वीस आवाज. खणून पाहिलं तर फॉइल. नखाएवढे, तांदळाएवढे ॲल्युमिनियम फॉइलचे तुकडे. दुसरीकडे खणलं, तिथेही तेच.

काकू प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगबाई, ते आमचंच. पक्षी यायचे ना मेथीवर. पोळ्यांचं फॉइल धुऊन ठेवायचे मी, आणि हे त्याच्या पट्ट्या कापून दोऱ्याला बांधायचे. वाऱ्यानं चमकतात, पाखरं घाबरतात."

"किती वर्षं बांधत होता?"

"पंधरा झाली असतील की. एक फॉइल कधी फेकलं नाही बघ मी."

पंधरा वर्षांच्या पोळ्या त्या मातीत होत्या. मंडळाच्या सहलीच्या, हायवेवरच्या लांबच्या प्रवासाच्या, मला वसतिगृहावर बांधून दिलेल्या. ऊन, पाऊस, बर्फ यांनी त्या पट्ट्यांचा भुगा केला होता आणि काका दर वसंतात तो फावड्यानं खालीवर करत आले होते. यंत्राला ते सगळं ऐकू येत होतं, त्यामुळे मला दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं.

यंत्राच्या पडद्यावर एका ओळीत चौकटी असतात: लोखंड, फॉइल, कॅनच्या कड्या, नाणी. जी चौकट बंद करावी, त्या जातीच्या वस्तूला यंत्र गप्प राहतं. मी लोखंड चालू ठेवलं, कारण खिळ्याखाली अंगठी लपू शकते हे कुठेतरी ऐकलं होतं. फॉइल बंद केलं. एकदम शांत झालं. ती शांतता मला फार आवडली. आता कसं नीट काम करता येईल, असं वाटलं.

शनिवार आणि रविवार मी चारही वाफे पालथे घातले. ओळीनं, आधी उभे आणि मग आडवे, गुडघे टेकून. आमच्या शाळेतले एक सर म्हणायचे, पेपर कोरा ठेवायचा नाही, येत नसेल तरी काहीतरी लिहून या. मी तसाच मन लावून लिहीत होतो. खिळे निघाले, तार निघाली, बुचं निघाली, एक चमचा निघाला. प्रत्येक वस्तू काकू पदरानं पुसून पाहायच्या. चमच्याकडे पाहून म्हणाल्या, "हा बघ, हा मी डिशवॉशरमध्ये गेला म्हणून मारियाला दोन दिवस शोधायला लावलं होतं." दोघंही हसलो. मारिया खिडकीत दिसत होती. तिनं आतूनच खांदे उडवून विचारलं, मिळाली का? मी मान हलवली.

रविवारी ऊन उतरल्यावर मी हेडफोन काढले.

"नाही काकू. इथे नाही."

"खोल गेली असेल का रे?"

"हे मशीन वीतभर खोल बघतं. सोमवारीच पडलीय, वरच असणार. असती तर वाजलं असतं."

"नक्की?"

"नक्की. शंभर टक्के. बागेत नाही."

काकू स्टुलावरून उठल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं बाई, एक काहीतरी कळलं. दमलास. आत चल, चहा ठेवते." त्यांच्या आवाजात मला जो विश्वास ऐकू आला, तो चौदा वर्षांत पहिल्यांदा कमावल्यासारखा वाटला. गाडी चालवत घरी येताना मी वाईट वाटून घेत होतो, पण मनात कुठेतरी समाधानही होतं. आपण काकूंच्या उपयोगी पडलो. निदान अर्धा प्रश्न तरी सोडवला.

उरलेल्या अर्ध्या प्रश्नाचं काय होणार, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

पुढच्या आठवड्यात काकूंनीच फोनवर सांगितलं. अगदी सहज, खोकी किती झाली हे सांगता सांगता. "मी मारियाला म्हटलं, जरा पर्स दाखवतेस का. वाईट वाटलं रे, पण बागेत नाही म्हटल्यावर मग घरातच ना. आणि घरात आम्ही दोघीच."

"मग?"

"दाखवली की. टेबलावर उपडी केली सगळी. किल्ल्या, टिश्यू, तिची ती माळ. काही नव्हतं. मग भरत होती ते खोकं पूर्ण भरलं, टेप लावली आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. म्हणजे बघ."

त्या 'म्हणजे बघ'वर मी काहीही बोललो नाही. बोलायला हवं होतं. मारिया असं करणार नाही, एवढं म्हणायलासुद्धा कुठलं यंत्र लागत नव्हतं.

माझी आई आमच्या गावी चार घरची धुणीभांडी करायची. मी तिसरीत असताना एका घरातली चांदीची वाटी सापडेना, तेव्हा त्या बाईंनी आईला ओटी झटकून दाखवायला लावली. वाटी चार दिवसांनी देवघरामागे मिळाली. त्यांनी ते आईला सांगितलंही, वर एक लाडू दिला. पण त्या दिवसापासून आई कुठल्याही घरातून निघताना दारात थांबायची, पदर झटकायची, दोन्ही हात उघडे करून दाखवायची आणि मगच पायरी उतरायची. कुणी मागितलं नाही तरी. घरातली माणसं म्हणायची, "अहो, हे काय?" आई म्हणायची, "असू द्या." मी दप्तर घेऊन बाहेर तिची वाट बघत उभा असायचो, म्हणून मला ते रोज दिसायचं. आई माझ्याकडे बघायची नाही.

हे सगळं मला ठाऊक असताना मी फोनवर काकूंना विचारलं, "सनीव्हेलचं तिकीट कितीचं आहे?"

काकू गेल्या. नवे मालक आले. बर्फ पडलं, जमीन दगडासारखी झाली आणि मशीन भिंतीला टेकून राहिलं.

एप्रिलमध्ये माती सुटली. हंगाम सुरू होण्याआधी हात बसावा म्हणून मी आमच्याच अंगणात सराव करत होतो. कुणीही नवशिक्या करतो तो सराव: ओळखीच्या वस्तू मातीत पुरायच्या आणि त्यांचा आवाज पाठ करायचा. नाणं पुरलं, वाजलं. प्रज्ञाची लग्नातली अंगठी मागून घेतली, पुरली, स्वच्छ वाजलं. तिच्या कानातली एक बारीक सोन्याची बाळी कडीजवळ तुटलेली होती, तीही पुरली. यंत्र गप्प. मला वाटलं जागा चुकली. उकरून पाहिलं, बाळी तिथेच. पुन्हा पुरली, पुन्हा गप्प. हातावर ठेवून यंत्राखाली धरली, तरी गप्प.

मग पडद्याकडे पाहिलं. फॉइलची चौकट ऑक्टोबरपासून बंदच होती. मी ती चालू केली आणि बाळी ओरडली.

त्या रात्री जेवणानंतर पुस्तिकेची उरलेली पानं वाचली. सातव्या पानावर होतं. नवशिके फॉइलला कंटाळून ती चौकट बंद करतात, पण बारीक सोनं यंत्राला फॉइलसारखंच ऐकू येतं, आणि कडं जर तुटलेलं किंवा न जोडलेलं असेल तर हमखास. कड्याचा गोल पूर्ण असेल तरच त्याचा आवाज ठणठणीत येतो. मला न जोडलेली टोकं आठवली. तीन वेढे, झिजलेली तार.

म्हणजे दोन दिवस मी गुडघ्यांवर रांगत, उभा-आडवा, जी एकच वस्तू शोधायची होती तिच्यापुरतं यंत्राचं तोंड बंद करून फिरलो होतो. आणि मग शंभर टक्के म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी मी काकूंच्या जुन्या घराचं दार वाजवलं. नवे मालक तरुण नवराबायको, भले लोक. मी सगळं सांगितलं. तो माणूस मला मागे घेऊन गेला. मागे सपाट हिरवळ होती. "आम्ही नोव्हेंबरमध्येच ते वाफे काढले," तो म्हणाला. "माती ट्रकवाल्यानं नेली. मला खरंच वाईट वाटतं." कुठे नेली हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं फोन करून विचारलंसुद्धा. त्या लोकांकडे सगळीकडची माती एकाच ढिगात पडते आणि ढिगातून विकली जाते. तरी त्यानं मला हिरवळीवर यंत्र फिरवायची परवानगी दिली. सगळ्या चौकटी चालू ठेवून मी तासभर फिरलो. खिळे मिळाले.

वेढणी त्या मातीत होती असं मी म्हणू शकत नाही. नव्हती असंही म्हणू शकत नाही. ती स्वयंपाकघरातल्या एखाद्या फटीत पडलेली असेल, किंवा वेलांसोबत कचऱ्याच्या पिशवीत गेली असेल. आता ते कधीच कळणार नाही. मारियानं घेतली नाही, याचा पुरावा शोधायला मी निघालो होतो, पण माझ्या शब्दावर विसंबून पुन्हा कुणी शोधलं नव्हतं आणि शोधायची जागाच ट्रकमधून निघून गेली होती.

काकूंना लगेच सांगायला हवं होतं. एप्रिल गेला, मे गेला. दर रविवारी मी त्यांना फोन करतो. त्या सनीव्हेलच्या अपार्टमेंटबद्दल सांगायच्या, बाल्कनीतल्या कुंडीत मेथी लावली पण तिला चव नाही म्हणायच्या, नातू सगळं इंग्लिशमध्येच बोलतो म्हणायच्या. मी ऐकायचो. दर वेळी वाटायचं, आज त्या खुशीत आहेत, आज नको. नाहीतर आज त्यांचा आवाज बसलाय, आज नको. ज्या माणसानं आपल्याला कुकर लावायला शिकवलं, त्याला तुम्ही माझ्या चुकीमुळे एका निरपराध बाईची झडती घेतलीत हे कसं सांगायचं, याचं उत्तर मला कुठल्याही शाळेत मिळालं नाही.

"फोन कर," प्रज्ञा म्हणायची.

"काय सांगू? सापडली असती तर निदान..."

"सापडल्यावर कुणीही सांगेल."

ऑगस्टमध्ये मारिया भेटली. दुकानात, पीचच्या ढिगापाशी, अंगावर कुठल्याशा वृद्धाश्रमाचा गणवेश. मी आधी पाहिलं आणि वळणार होतो, हेही लिहायलाच हवं. तिनं हाक मारली. माझ्या मुलीची चौकशी केली. मग तिच्या तोडक्या इंग्लिशमध्ये विचारलं, "सेन्योराची रिंग मिळाली?"

"नाही."

ती पीच दाबून पाहत राहिली. "मीपण शोधली," म्हणाली. "त्या दिवशी मी व्हॅक्यूम केलं होतं ना. ती बॅग मी घरी नेली. गॅरेजमध्ये पेपर टाकून सगळी धूळ पाहिली. हातानं. मला वाटलं, मिळाली तर सेन्योराला नेऊन देईन." तिनं दोन पीच पिशवीत टाकले. "खूप केस होते. डॉक्टरांचे पांढरे."

मी तिला तिथेच सांगायला हवं होतं. मी सॉरी म्हणालो. कशाबद्दल, ते नाही सांगितलं. तिनं ते दुकानात धक्का लागल्यावर म्हणतात तसलं सॉरी समजून घेतलं असावं. जाताना मी तिचा नवा नंबर मात्र मागून घेतला.

आणि आता पुन्हा ऑक्टोबर. परवा अशोक विजयादशमीला आम्ही सगळे भाड्याच्या हॉलमध्ये जमलो होतो. परतताना शेतं कापलेली दिसली. प्रज्ञा गाडी चालवत होती. तिनं एकदा शेतांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. काल रविवार होता. मी काकूंना फोन लावला आणि हवापाण्याचं काही न बोलता एका दमात सगळं सांगितलं. फॉइल, चौकट, बाळी, माती, ट्रक, व्हॅक्यूमची बॅग, मारियाचा नवा नंबर.

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"तुला हे एप्रिलमध्ये कळलं?"

"हो."

"आणि आता ऑक्टोबर आहे."

"हो, काकू."

मी सुरुवात केली, "माझीच चूक आहे, तुम्ही मनाला..." तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"तुझी चूक तू केलीस. पर्स काही तू नव्हती उघडायला लावलीस." मग म्हणाल्या, "त्यांना रोज आंघोळ घालायची ती. मी आठवड्यातून दोनदासुद्धा नाही करू शकले. आणि मी तिला टेबलापाशी उभी केली." मग, "नंबर आहे म्हणालास. लाव. मला जोड."

मी जोडला. तिसऱ्या रिंगला मारियानं उचलला. मागे भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हणालो, काकू लाइनवर आहेत. मारिया म्हणाली, "सेन्योरा? यू ईटिंग?"

काकूंनी तीस वर्षं या देशात वाचनालयाच्या काउंटरवर इंग्लिश बोलून काढली. पण काल त्यांना वाक्य जुळेना. दोनदा सुरू केलं आणि दोनदा सोडलं. शेवटी म्हणाल्या, रिंग मिळालेली नाही, मिळणारही नाही, पण मी तुझी पर्स बघायला नको होती. मी चुकले. हे त्यांनी इंग्लिशमध्ये, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

भांड्यांचा आवाज थांबला. प्रज्ञा दारात उभी होती.

"ओके," मारिया म्हणाली. मग, "आय ॲम ॲट वर्क, सेन्योरा." आणि तिनं फोन ठेवला.

आम्ही दोघं लाइनवर राहिलो. काकूंचा श्वास ऐकू येत होता.

"मिलिंद, ती ओके म्हणाली. म्हणजे काय म्हणाली रे ती?"

तिचा आवाज मीही ऐकला होता. त्यात राग होता की नव्हता, थकवा होता की नुसतीच घाई, मला ओळखता येईना. "नक्की सांगता येत नाही, काकू," मी म्हणालो. त्यांनी फोन ठेवला नाही.